सही करता येते तोपर्यंत

निवृत्त बँक कर्मचारी म्हणून मी साताऱ्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून दोन दिवस बसतो. लोक ठेवीच्या पावत्या, पेन्शनची कागदपत्रं, कधी नुसतीच काळजी घेऊन येतात. त्यातलं हे एक प्रकरण. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्या वहीतलेच आहेत.

पार्श्वभूमी

आजींचा जन्म १९४७ चा. यजमान एका सहकारी साखर कारखान्यात कारकून होते, डिसेंबर २०१९ मध्ये वारले. तीन मुलं. थोरला पिंपरीत खासगी कंपनीत, मधली मुलगी साताऱ्यातच दिलेली, घरी शिकवण्या घेणारी, आणि धाकटा जर्मनीत स्टुटगार्टजवळ. घर बैठं, स्वतःचं, १९८८ साली घेतलेल्या जागेवर बांधलेलं. कागदावर सगळं यजमानांच्याच नावावर.

कारखान्याची नोकरी म्हणजे पेन्शन ईपीएस-९५ चं, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचं. त्याला महागाई भत्ता नाही आणि विधवेला सभासदाच्या पेन्शनच्या निम्मं मिळतं. आजींच्या वाट्याला महिना १,३२० रुपये आले. बाकी १९ लाख साठलेले होते. त्यातले १५ लाख फेब्रुवारी २०२० मध्ये पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. तेव्हा एका माणसाला तेवढीच मर्यादा होती, आणि दर होता ८.६ टक्के. दर तिमाहीला ३२,२५०, म्हणजे महिन्याला १०,७५०. चार लाखांची बँकेत मुदत ठेव. एकट्या बाईला साताऱ्यात राहायला हे पुरत होतं. शेजारणींना हळदीकुंकवाचं वाण द्यायलाही त्यातूनच पैसे निघत.

२०२२ मध्ये आजी एकाच दिवशी तीनदा दूध तापवायला लागल्या. पुण्यात तपासणी झाली, अल्झायमरचं निदान झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेला दोन लाख पस्तीस हजार लागले. आरोग्य विमा नव्हता, यजमान गेल्यावर हप्ता भरायचा राहून गेला होता. चार लाखांची ठेव मोडली, शिल्लक १ लाख ६५ हजार.

अडचण

ऑपरेशनचा खर्च मोठा, पण तो एकदाच येतो. नातेवाईक धावतात, कोणी उसने देतं, ठेव मोडते, भागतं. घर खचतं ते त्याच्या पुढच्या खर्चाने, जो दर महिन्याच्या एक तारखेला येतो आणि किती वर्षं येणार ते कोणी सांगू शकत नाही.

मार्च २०२४ ची वही माझ्यासमोर आहे. ब्युरोकडची चोवीस तासांची मावशी २४,०००. डायपर, अंडरपॅड, हातमोजे ४,५००. औषधं २,९००. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी ३,२००. किराणा, वीज, गॅस ५,५००. एकूण ४०,१००. जमेच्या बाजूला पोस्टाचं व्याज, पेन्शन आणि उरलेल्या ठेवीचं व्याज मिळून जेमतेम १३,०००. सत्तावीस हजारांची तूट. धाकटा १६,००० पाठवत होता, थोरला ११,००० देत होता. त्याची मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती.

सरकारी आधाराचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. आजी त्यात बसत नव्हत्या. सत्तरीपुढच्या सगळ्यांना पाच लाखांचं आयुष्मान संरक्षण ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सुरू झालं, म्हणजे खुब्याच्या ऑपरेशननंतर जवळजवळ वर्षाने. शिवाय ते दवाखान्यात दाखल होण्यापुरतं. घरी अंथरुणावर असलेल्या माणसाची कूस बदलायला जो हात लागतो, त्या हाताचे पैसे ना त्या कार्डातून मिळतात, ना नेहमीच्या मेडिक्लेममधून.

पाडव्याची बैठक

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. धाकटा सुट्टी काढून आला होता. गुढी उभारून झाल्यावर तिघं भावंडं, थोरली सून आणि मी असे पुढच्या खोलीत बसलो. आजी कॉटवर होत्या आणि प्रत्येकाला "जेवून जा हं" असं सांगत होत्या.

थोरल्याचं म्हणणं, आईला पुण्यात केअर सेंटरमध्ये ठेवू. त्याने दोन ठिकाणं पाहिली होती. साध्या वृद्धाश्रमांनी स्मृतिभ्रंशाचा आणि न चालणारा रुग्ण घ्यायला नकार दिला होता. जे घेत होते त्यांचे ३५,००० महिना, डायपर आणि औषधं वेगळी, वर एक लाख अनामत. घरच्यापेक्षा स्वस्त नाही. पण मुलीची ओढाताण थांबली असती, आणि थोरला हे बोलला ते बहिणीकडे बघूनच. त्याला आई नको होती म्हणून नव्हे.

दुसरा पर्याय घर विकण्याचा. पंचावन्न लाखांच्या आसपास भाव सांगत होते. वर्षांचा हिशेब केला तर पैसा दहा वर्षं पुरला असता. पण आजींना ज्या चार भिंती ओळखीच्या होत्या त्याच काढून घेतल्या, तर आजार झपाट्याने वाढेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तिसरा पर्याय मी मांडला, रिव्हर्स मॉर्गेजचा. घर गहाण ठेवून बँकेने ज्येष्ठांना दरमहा पैसे द्यायचे, फेड त्यांच्या पश्चात घरातून. कागदावर योजना अगदी अशा घरांसाठीच आहे. पण घर यजमानांच्या नावावर, त्यामुळे वारसाहक्काने आजींचा हिस्सा फक्त एक चतुर्थांश. तिन्ही मुलांनी हक्कसोड केली तरच त्या पूर्ण मालक होणार. ते एक वेळ झालं असतं. खरी अडचण पुढची : कर्जदार त्या घरात सलग वर्षभर राहिला नाही तर कर्ज फेडीला येतं. म्हणजे उद्या प्रकृती ढासळून आजींना केंद्रात हलवावं लागलं, तर ऐन गरजेच्या वेळी बँक दारात. हा पर्याय तिथेच सोडला.

मग धाकट्याने मोबाईलवर आपलं पगारपत्रक दाखवलं. त्यात एक ओळ होती, सेवा विम्याच्या कपातीची. जर्मनीत हा विमा १९९५ पासून सक्तीचा आहे. कामगार आणि मालक दोघं भरतात. माणूस परावलंबी झाला की तपासणी करून एक ते पाच अशी पायरी ठरवतात आणि त्याप्रमाणे पैसे मिळतात. घरच्या माणसाने सांभाळलं तरी दुसऱ्या पायरीपासून रोख रक्कम मिळते. शिवाय सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शन खात्यात त्या काळाची वर्गणी विम्यातून भरली जाते. तो म्हणाला, "ताई, तू तिकडे असतीस तर हे तुझं काम म्हणून धरलं असतं."

मुलगी काही बोलली नाही. तिच्याकडे शिकवणीला बावीस मुलं होती ती सहावर आली होती. महिन्याला नऊ हजार बुडत होते. वहीत थोरल्याचा रकाना होता, धाकट्याचा होता, तिचा नव्हता.

काय ठरलं

चार गोष्टी ठरल्या.

घराच्या पुढच्या तीन खोल्या भाड्याने द्यायच्या. जूनपासून एक शिक्षक दांपत्य राहायला आलं, भाडं ७,५००. त्यातून घरात रात्री माणसांचा वावर राहिला, हा फायदा मी धरलाच नव्हता.

चोवीस तासांच्या मावशींऐवजी दिवसपाळीच्या मावशी, १४,०००. रात्री मुलगी येणार. तिच्या यजमानांनी स्वतः होकार दिला, तेव्हाच हे लिहिलं.

वहीत "ताई" हा रकाना उघडायचा आणि दरमहा नऊ हजार तिच्या नावे मांडायचे. रोख घ्यायला ती तयार नव्हती. तेव्हा असं लिहून ठेवलं की घराचा अखेरचा हिशेब होईल तेव्हा ही रक्कम आधी बाजूला काढायची. तिघांनी खाली सह्या केल्या. थोरल्या सुनेनेच कागद आणून दिला, हे मुद्दाम नोंदवतो.

चौथी गोष्ट माझ्या आग्रहाची. खर्च ३०,१०० वर आला आणि भाड्यासह उत्पन्न साडेवीस हजारांवर गेलं. तूट साडेनऊ हजारांच्या आसपास राहिली. दोघे भाऊ साहजिकच आपापला हप्ता कमी करायचं म्हणत होते. मी म्हटलं, करू नका. सत्तावीस हजार तसेच चालू ठेवा, वरचे सतरा हजार वेगळ्या आवर्ती खात्यात टाका. हा आजार उतरत्या जिन्यासारखा आहे. एका पायरीवर माणूस काही महिने थांबतो, तेव्हा घरच्यांना वाटतं बस्तान बसलं, आणि मग पुढची पायरी येते. फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या खात्यात १ लाख ७४ हजार जमले.

आणि त्याच बैठकीत माझी मोठी चूक झाली.

मुलीने विचारलं होतं, "काका, पोस्टातले पंधरा लाख आईच्या एकटीच्या नावावर आहेत. ते माझ्या नि तिच्या नावावर करता येतील का?" त्या योजनेत संयुक्त खातं फक्त नवरा-बायकोचंच होतं. करायचंच तर खातं मुदतीआधी बंद करून बँकेत दोघींच्या नावे ठेव करावी लागली असती. दोन वर्षं झाल्यावर मुदतीआधी बंद केलं तर ठेवीच्या एक टक्का कापतात, म्हणजे पंधरा हजार रुपये. त्या वेळी आजींना सकाळच्या वेळी बरंच भान असे. डॉक्टरांचा दाखला घेऊन, पोस्टमास्तरांसमोर, त्यांच्या पूर्ण संमतीने हे झालं असतं. मी म्हटलं, "दहा महिन्यांत मुदत संपतेच आहे. पंधरा हजार कशाला घालवायचे? ८.६ चा दर पुन्हा मिळणार नाही."

व्याजाच्या दरात आयुष्य गेलेल्या माणसाचं हे उत्तर होतं. मी पैशांची मुदत पाहिली, आजींच्या भानाची पाहिली नाही.

फेब्रुवारी २०२५

मुदत संपली. रक्कम काढायला किंवा तीन वर्षांची मुदतवाढ घ्यायला खातेदाराचा अर्ज लागतो. मुलीने आजींना रिक्षातून पोस्टात नेलं, मी बरोबर होतो. काउंटरवरची मुलगी उठून बाहेर आली, आजींच्या गुडघ्याशी वाकली आणि विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?" आजींनी नाव सांगितलं, माहेरचं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग पेन हातात दिल्यावर त्यांनी अर्जाच्या चौकटीत सही केली. सुवाच्य, शाळेतल्या वळणदार अक्षरात, लग्नाआधीची.

काउंटरवरच्या मुलीने अर्ज हलकेच परत आमच्याकडे सरकवला. तिचं काही चुकलं नाही.

बाहेर ओळखीचा एक एजंट भेटला. म्हणाला, अंगठा घ्या, दोन साक्षीदार मी उभे करतो. हात थरथरतो म्हणून सही जमत नाही अशा माणसासाठी अंगठ्याची सोय खरोखरच असते. पण इथे आजींचा हात ठीक होता. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला बोटाचा ठसा पुरतो, कारण माणूस जिवंत आहे एवढंच तिथे पाहायचं असतं. पैशाच्या अर्जाला त्या माणसाची इच्छा लागते. मुलीने एजंटला सरळ नाही म्हटलं आणि आईचा पदर सारखा करत रिक्षात बसली.

त्या महिन्यापासून १०,७५० बंद. आजी आता उठत नव्हत्या. एअर बेड घेतला, मावशींची पाळी वाढली, खर्च ३६,००० वर गेला. भाडं, पेन्शन आणि भावांचे सत्तावीस हजार मिळून कशीबशी तोंडमिळवणी होत होती.

कोर्टाचा रस्ता

वकिलांकडे गेल्यावर पहिला प्रश्न कुलमुखत्यारपत्राचा निघाला. धाकट्याने विचारलं, ते आधी केलं असतं तर? उपयोग झाला नसता. करार कायद्याप्रमाणे अधिकार देणाऱ्या माणसाचं मन अस्थिर झालं की मुखत्याराचा अधिकारही संपतो. ज्या दिवसासाठी आपण तो कागद करतो, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. वारस म्हणून नाव लावलं होतं, पण नामनिर्देशन माणसाच्या मृत्यूनंतरचं.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेण्याची तरतूद होती. २०१७ च्या नव्या कायद्यात उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, मालमत्तेची तरतूद मात्र गेली. राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमता येतो, पण त्यातल्या चार अपंगत्वांत स्मृतिभ्रंश येत नाही. म्हणून अशा घरांना राज्यघटनेच्या कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. पंधरा लाखांच्या पोस्टाच्या खात्यासाठी उच्च न्यायालय! मला हे अजूनही पटत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हा अधिकार परत यायला हवा.

सुरुवातीचे काही महिने मुंबईला खेपा घालाव्या लागतील या धास्तीनेच गेले. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा जिल्हा त्याच्या कक्षेत आला. सप्टेंबरात तिथे अर्ज केला.

मधल्या काळात पुढची पायरी आलीच. जुलैत आजींना न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात, आयुष्मान कार्डावर, एक रुपया द्यावा लागला नाही. घरी आणल्यावर भाड्याचं ऑक्सिजन यंत्र, सक्शन, रात्रीच्याही मावशी असा महिना ५८,००० चा खर्च सुरू झाला तो नोव्हेंबरपर्यंत. राखीव खात्यातून दरमहा एकवीस हजार जात राहिले. एअर बेडचे बारा हजार आणि वकील, तपासण्या, कागदपत्रं यांचे सत्तर हजारही त्यातूनच गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्या खात्यात ६,८०० रुपये होते. पोस्टात पंधरा लाख पडून होते आणि घरात ऑक्सिजनच्या भाड्याची चर्चा चालली होती.

निकाल आणि आजची स्थिती

सरकारी डॉक्टरांच्या मंडळाने घरी येऊन तपासणी केली. दोन्ही भावांनी लेखी संमती दिली. डिसेंबरात आदेश झाला : मुलगी पालक, दर सहा महिन्यांनी हिशेब सादर करायचा, घरातला आजींचा हिस्सा कोर्टाला विचारल्याशिवाय विकायचा नाही.

मुदतवाढीचा अर्ज मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. आम्ही जानेवारीत पोहोचलो, एक महिना हातात असताना. मुदतवाढ मूळ तारखेपासूनच धरली जाते, त्यामुळे फेब्रुवारी २०२५ चा ८.२ टक्के दर मिळाला. आता महिन्याला १०,२५० येतात. आजी अंथरुणावर आहेत, पाठीला जखम नाही. दुपारी मऊ भात भरवताना त्या अजून मुलीचा हात धरतात.

काय वेगळं करता आलं असतं

एप्रिल २०२४ ला पंधरा हजार घालवून पैसे दोघींच्या नावावर करायला हवे होते. ते वाचवण्यात सत्तर हजार आणि दहा महिने गेले. आता माझ्याकडे निदानाचा कागद घेऊन कोणी आलं की मी व्याजदराच्या आधी विचारतो, कोणकोणतं खातं एकट्याच्या नावावर आहे आणि त्यांची सही अजून जुळते का. निदान आणि भान जाणं यांच्यात बहुधा दोनेक वर्षं मिळतात. ठेवी "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीने करणं, घराची वारसनोंद, मृत्युपत्र हे सगळं त्या काळात, त्या माणसाला विचारून, त्याच्या समजुतीने व्हायला हवं. "आईला वाईट वाटेल" म्हणून ते टाळलं जातं. या घरातही तेच झालं होतं, २०२२ मध्ये.

यात धोका आहे, तोही सांगतो. संयुक्त नाव म्हणजे दुसऱ्याच्या हाती पैसा. या घरात मुलगी तशी होती म्हणून मी निर्धास्त बोलतो. सगळीकडे तसं नसतं. संघाच्या टेबलावर मी उलटही पाहिलं आहे, म्हणून तिन्ही भावंडांना दिसेल अशी एकच वही ठेवण्याचा आग्रह मी सोडत नाही.

केअर सेंटरचा पर्याय आम्ही भावनेपोटी लवकर बाजूला ठेवला का? मला वाटतं, हो. निदान महिन्यातून आठवडाभर तिथे ठेवून मुलीला झोप मिळेल असं काही बघायला हवं होतं. तिची साखर या काळात वाढली आहे. तो खर्च अजून कुठल्याच रकान्यात नाही.

"ताई" या रकान्यात जानेवारी २०२६ अखेर १ लाख ८९ हजार झाले आहेत. थोरला २०२७ मध्ये अठ्ठावन्नचा होऊन निवृत्त होतोय आणि त्याचं पेन्शनही त्याच ईपीएसचं. फेब्रुवारी २०२८ ला पोस्टाची मुदत पुन्हा संपेल, तेव्हा आजी एक्क्याऐंशीच्या असतील. थोरल्याचे अकरा हजार निवृत्तीनंतर कुठून यायचे, हा विषय येत्या पाडव्याच्या बैठकीत पहिला ठेवला आहे.